फिक्स्ड की मॉड्युलर? राउटर मागवण्याआधी करायचा हिशेब

नवा राउटर घ्यायचं ठरलं की बहुतेक वेळा दोन कोटेशन समोर येतात. एक फिक्स्ड राउटरचं असतं: रॅकमधल्या एक-दोन युनिट उंचीचा बॉक्स, पोर्ट कारखान्यातच बसवलेले, त्यात पुढे काही वाढवता येत नाही. दुसरं मॉड्युलर चॅसिसचं असतं: सांगाडा (चॅसिस) वेगळा, प्रोसेसर कार्ड वेगळं, लाइन कार्ड (पोर्ट असलेली कार्डं) वेगळी आणि काही स्लॉट (कार्डांच्या जागा) रिकामे. या दुसऱ्या कोटेशनसोबत 'पुढची सोय' हे शब्द हमखास येतात आणि खरेदीच्या बैठकीत ते चटकन पटतात.

माझं मत असं आहे की ज्या स्लॉटमध्ये काय बसणार आणि साधारण कधी बसणार हे आज लिहून देता येत नाही, त्या स्लॉटचे पैसे देऊ नयेत. तेवढ्या पैशांत शक्य असेल तर दुसरा फिक्स्ड राउटर घ्यावा आणि दोघांना जोडीने चालवावं. याला अपवाद आहेत, तेही पुढे येतील. पण त्या अपवादात आपण बसतो का, हे अंदाजाने नव्हे तर कागदावर ठरवायला हवं.

आधी तीन प्रकार वेगळे करा

बाजारात सरळ दोन गट नाहीत. पूर्ण फिक्स्ड म्हणजे ज्युनिपरचा एमएक्स२०४ किंवा मायक्रोटिकचे सीसीआर२००४, सीसीआर२११६ यांसारखे बॉक्स. पूर्ण मॉड्युलर म्हणजे एमएक्स२४०, एमएक्स४८०, एमएक्स९६० किंवा सिस्कोचे एएसआर ९००६, ९०१०. यांत राउटिंग इंजिन (म्हणजे प्रोसेसर कार्ड), फॅब्रिक (कार्डांना आपसांत जोडणारा भाग), लाइन कार्ड, पंखे आणि पॉवर सप्लाय असं सगळं सुटं निघतं. या दोहोंच्या मध्ये एक मोठा वर्ग आहे. सिस्कोचा एएसआर ९००१ घ्या: चार १० गिगाबिट पोर्ट पक्के आणि शिवाय छोट्या कार्डांसाठी दोन जागा, पण प्रोसेसर आतच, तो बदलता येत नाही. शाखा कार्यालयात दिसणारा आयएसआर ४३३१ याच जातीचा: तीन गिगाबिट पोर्ट अंगचे, दोन छोटे एनआयएम (नेटवर्क कार्डांचे) स्लॉट आणि एक मोठा सर्व्हिस मॉड्युल स्लॉट.

फिक्स्ड म्हटलेल्या राउटरमध्येही पॉवर सप्लाय आणि पंखे बऱ्याचदा बाहेर काढता येतात. आणि एसएफपीचा (सुटं ऑप्टिक, म्हणजे फायबरचा जोड, बसवायचा) खाचा असलेला प्रत्येक पोर्ट हा स्वतःच एक छोटा स्लॉट असतो. त्याच पोर्टात आज १० किलोमीटरचं ऑप्टिक लावा, उद्या ८० किलोमीटरचं लावा, राउटर तोच राहतो. म्हणून कोटेशनवर नुसतं 'मॉड्युलर' लिहिलेलं पाहून थांबू नका. नेमकं काय सुटं निघतं आणि ते चालू राउटरमधून काढता येतं का, हे दोन प्रश्न विचाराच.

पायरी पहिली: येणारी लाइन कोणत्या स्वरूपात येते ते लिहा

शाखेच्या राउटरमध्ये स्लॉट आले ते खऱ्या गरजेपोटी. लीज्ड लाइन घेतली की मोडेममधून व्ही.३५ केबल यायची, ती लावायला सीरियल कार्ड लागायचं. शेजारच्या शाखेत २ एमबीपीएसची ई१ लाइन असायची, तिसरीकडे बॅकअपला आयएसडीएन, चौथीकडे ब्रॉडबँडसाठी एडीएसएल. एकच १८४१ किंवा २८११ मागवायचा आणि जागेनुसार कार्ड घालायचं, हे त्या काळी शहाणपणाचं होतं. सिस्कोच्या १८०० मालिकेतच दोन्ही नमुने होते: १८४१ ला दोन स्लॉट, तर १८०१, १८११, १८१२ हे फिक्स्ड.

आज तीच लाइन बहुतेक ठिकाणी फायबरने येते आणि कंपनीचं उपकरण आपल्या हातात साधा इथरनेट पोर्ट देतं. एमपीएलएस (शाखा जोडणारं खासगी नेटवर्क) असो, इंटरनेट लीज्ड लाइन असो की घरगुती फायबर, राउटरपाशी सगळं सारखंच. त्यामुळे शाखेसाठी मॉड्युलर राउटर घेण्याचं मूळ कारणच बहुतेकांच्या बाबतीत उरलेलं नाही.

उरलंय कुठे? जिथे ईपीएबीएक्सला (कार्यालयातल्या टेलिफोन एक्सचेंजला) अजून ३० चॅनलची पीआरआय (डिजिटल टेलिफोन) लाइन जोडलेली आहे. जिथे जुन्या यंत्रांना सीरियल पोर्टच आहेत आणि ती यंत्रं बदलणं आपल्या हातात नाही, उदाहरणार्थ वीज उपकेंद्रांतली काही उपकरणं. जिथे राउटरच्याच आत ४जी कार्ड हवं आहे. अशा ठिकाणी स्लॉट हवाच. म्हणून सगळ्या जागांचा एक तक्ता करा: जागा, लाइनचा प्रकार, कनेक्टर, वेग, करार कधी संपतो. चालू राउटरवर 'शो इन्व्हेंटरी' चालवलं की कोणत्या स्लॉटमध्ये काय आहे ते दिसतं. ज्युनिपरवर त्यासाठी 'शो चॅसिस हार्डवेअर' आहे. आधीच्या खरेदीत घेतलेले किती स्लॉट आजही रिकामे आहेत ते या यादीत मोजा. पुढच्या निर्णयासाठी यापेक्षा प्रामाणिक आकडा मिळणार नाही.

पायरी दुसरी: वाढ तारखेसकट लिहा

'ट्रॅफिक वाढणार' एवढं पुरत नाही. लिब्रेएनएमएस किंवा नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या तत्सम साधनातून गेल्या वर्षभराचा ९५ पर्सेंटाइल (सर्वांत वरच्या ५ टक्के नोंदी सोडून उरलेला कमाल वेग) काढा, कमाल काढा, आणि पुढच्या पाच वर्षांत कोणत्या तिमाहीत किती पोर्ट व किती वेग लागेल ते ओळीने लिहा. प्रत्येक ओळीला कारण जोडा: नवी शाखा, दुसरा अपस्ट्रीम (आपल्याला इंटरनेट पुरवणारी कंपनी), डेटा सेंटर हलवणं. कारण सापडत नसेल तर ती ओळ खोडा.

याच कागदावर सेवाही लिहा. नॅट (पत्ते बदलणं), आयपीसेक (गुप्त बोगदा), क्यूओएस (ट्रॅफिकला प्राधान्यक्रम), ट्रॅफिकचा नमुना बाहेर पाठवणं, यांतलं काय चालू राहणार? माहितीपत्रकातला वेग मोठ्या पॅकेटांवर आणि सेवा बंद ठेवून मोजलेला असू शकतो, त्यामुळे विक्रेत्याकडून आपल्या सेवा चालू असतानाचा आकडा लेखी मागा. आयएसआर ४३३१ मूळ लायसन्सवर एकूण १०० एमबीपीएस देतो आणि परफॉर्मन्स लायसन्स घेतल्यावर ३००. स्लॉट तीन आहेत म्हणून वेग वाढत नाही, पण स्क्रू न उघडता फक्त लायसन्सने तो तिप्पट होतो. वाढीची सोय नेहमी लोखंडातच असते असं नाही, ती लायसन्समध्येही असू शकते. म्हणून दोन्ही बाजूंनी किंमत विचारा.

पायरी तिसरी: छापलेले पोर्ट नव्हे, वापरता येणारे पोर्ट मोजा

इथे फिक्स्ड आणि मॉड्युलर दोन्ही फसवतात, म्हणून जरा तपशिलात जाऊ.

एमएक्स२०४ च्या पुढच्या पट्टीवर चार मोठे पोर्ट दिसतात, प्रत्येक १०० गिगाबिटपर्यंतचा, आणि शेजारी आठ १० गिगाबिटचे. बेरीज होते ४८०. पण आतली क्षमता ४०० गिगाबिट आहे. चारही मोठे पोर्ट १०० वर चालवले तर ते आठ छोटे पोर्ट वापरता येत नाहीत. तीन मोठे १०० वर आणि आठही छोटे चालू, असं ३८० चं गणित बसतं. दोन अपस्ट्रीम आणि एक पीअरिंग लिंक (दुसऱ्या नेटवर्कशी थेट जोडणी) अशी १०० ची तीन आणि ग्राहकांसाठी १० ची आठ, एवढ्यात ज्याचं भागतं त्याला एका युनिट उंचीत सगळं मिळतं. नवव्या पोर्टची गरज पडली की खाली स्विच लावायचा आणि व्हीलॅनने (एकाच लिंकवरची वेगवेगळी आभासी नेटवर्कं) पोर्ट फोडून द्यायचे. छोट्या इंटरनेट सेवादारांकडे ही रचना सर्रास दिसते आणि ती चांगली चालते.

आता एमएक्स२४० पाहा. पाच युनिट उंची, चार आडवे स्लॉट. त्यातला एक स्विच कंट्रोल बोर्डाला द्यावाच लागतो, राउटिंग इंजिन त्याच्यावरच बसतं. ते जोडीने हवं असेल तर दुसरा स्लॉटही गेला. लाइन कार्डांना राहिले दोन. ज्या कारणासाठी चॅसिस घेतो ते कारण, म्हणजे जोडीची इंजिनं, पूर्ण केलं की वाढीची जागा तीन स्लॉटांवरून दोनवर येते. एमएक्स४८० मध्ये आठ स्लॉटांपैकी सहा लाइन कार्डांना मिळतात, तिथे हे गणित खूपच सुधारतं. म्हणून चॅसिस घ्यायचाच असेल तर सगळ्यात लहान चॅसिस हा बऱ्याचदा सगळ्यात वाईट सौदा ठरतो.

आणखी एक तपासणी: स्लॉटची गती. जुन्या फॅब्रिक कार्डावर नवं लाइन कार्ड बसलं तरी पूर्ण वेगाने चालेलच असं नाही. सांगाडा पंधरा वर्षं टिकतो हे खरं, पण त्या पंधरा वर्षांत फॅब्रिक, इंजिन, पंख्याचा ट्रे आणि पॉवर सप्लाय एकेक करून बदलावे लागू शकतात. मग जुनं म्हणून उरतो तो फक्त पत्रा.

पायरी चौथी: रूटची तक्ती कुठे मावणार?

बीजीपीची (नेटवर्कांनी एकमेकांना रूट, म्हणजे मार्ग, कळवण्याची पद्धत) पूर्ण तक्ती घेणाऱ्यांसाठी ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे. फक्त डिफॉल्ट रूट घेणाऱ्यांनी ती सोडून पुढे जावं.

१२ ऑगस्ट २०१४ ला इंटरनेटवरच्या आयपीव्ही४ रूटांची संख्या काही काळ ५,१२,००० च्या पुढे गेली आणि जगभरात ठिकठिकाणी नेटवर्क मंदावली. अडचण आली ती मॉड्युलर उपकरणांतही. सिस्को ६५०० आणि ७६०० मधल्या सुप७२०-३बीएक्सएल या प्रोसेसर (सुपरवायझर) कार्डाच्या टीसीएएम (रूट झटपट शोधणाऱ्या) स्मृतीत एकूण जागा सुमारे दहा लाखांची होती, पण मूळ वाटणीत आयपीव्ही४ ला ५,१२,००० एवढीच. मर्यादा ओलांडली की जादा रूटांची पॅकेटं हार्डवेअरऐवजी प्रोसेसरकडे जायची आणि प्रोसेसर गुदमरायचा. वाटणी बदलायला कॉन्फिगरेशनची एक ओळ आणि एक रीबूट पुरायचा, पण तो वेळेआधी करायला हवा होता.

या घटनेत मॉड्युलरची ताकद आणि तिची मेख दोन्ही दिसतात. ६५०० च्या सांगाड्यात पुढे सुप२टी कार्ड घालून आयुष्य वाढवता आलं, ही ताकद. मेख अशी की त्याच सांगाड्यातल्या एखाद्या लाइन कार्डावर साधं डीएफसी-३बी (कार्डावरच पॅकेटं पुढे पाठवणारं जोडकार्ड) असेल, तर एक्सएल सुपरवायझर असूनही अख्खा चॅसिस साध्या ३बी च्या मर्यादेत चालायचा, आणि ती मर्यादा सगळी मिळून २,५६,००० च्या आसपास. एका स्वस्त कार्डाने महागड्या कार्डाची क्षमता खाली ओढली. मॉड्युलरमध्ये जुनी आणि नवी कार्डं एकत्र ठेवणार असाल तर कोणत्या कार्डामुळे कोणती मर्यादा लागू होते, हे निर्मात्याच्या सुसंगतता तक्त्यात पाहिल्याशिवाय पीओ (खरेदी आदेश) काढू नका.

आज आयपीव्ही४ ची पूर्ण तक्ती दहा लाखांच्या आसपास आहे आणि आयपीव्ही६ ची दोन लाखांच्या वर. फिक्स्ड राउटरची फॉरवर्डिंग तक्ती याच्या किमान दीडपट असावी असा माझा आग्रह असतो. कारण ती पुढे वाढवता येत नाही, भरली की राउटर बदलायचा एवढाच मार्ग. जागा कमी पडत असेल तर दोन्ही अपस्ट्रीमकडून पूर्ण तक्तीऐवजी डिफॉल्ट आणि निवडक रूट घ्या. बऱ्याच नेटवर्कचं त्यावर उत्तम भागतं.

पायरी पाचवी: काय बिघडलं तर काय बंद पडेल?

एका कोऱ्या कागदावर दोन स्तंभ आखा. डावीकडे बिघाड, उजवीकडे परिणाम. पॉवर सप्लाय, पंखा, राउटिंग इंजिन, लाइन कार्ड, सॉफ्टवेअरमधली चूक, माणसाची चूक, खोलीतली वीज.

दुहेरी इंजिनांचा चॅसिस पहिल्या तीन बिघाडांत उत्तम. एक इंजिन गेलं तर दुसरं ताबा घेतं आणि नीट मांडणी असेल तर पॅकेटं वाहत राहतात. लाइन कार्ड गेलं तर त्या कार्डावरचे पोर्ट गेले, बाकी चालू. पण दोन्ही इंजिनांवर सहसा एकच सॉफ्टवेअर आणि एकच कॉन्फिगरेशन असतं. सॉफ्टवेअरचा दोष किंवा चुकीची कमांड दोघांनाही एकाच वेळी लागते. सॉफ्टवेअर बदलताना सेवा न थांबवण्याची सोय कागदावर असते, मात्र कोणत्या कार्डांवर आणि कोणत्या आवृत्त्यांमध्ये ती चालते याच्या अटींची यादी लांबलचक असते.

दोन फिक्स्ड राउटर हे बिघाड वेगळे ठेवतात. एकावर नवं सॉफ्टवेअर चढवा, आठवडाभर पाहा, मग दुसऱ्यावर चढवा. एक खोलीच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला, वेगवेगळ्या यूपीएसवर. जमत असेल तर दुसऱ्या इमारतीत. चॅसिस कितीही मोठा घेतला तरी तो दोन खोल्यांत ठेवता येत नाही.

मात्र जोडी म्हटली की तीन कामं वाढतात आणि ती टाळली तर जोडीचा उपयोग शून्य.

पहिलं, अपस्ट्रीमकडून दोन पोर्ट मागा. मिळत नसतील तर दोन्ही राउटरच्या पुढे स्विच लावावा लागेल, आणि मग तो स्विच हीच एकटी कमजोर कडी होईल, हे मान्य करून चला. अशा वेळी जोडणीसाठी /३० ऐवजी /२९ पत्ते मागा. /३० मध्ये वापरण्याजोगे दोनच पत्ते असतात, एक त्यांचा आणि एक तुमचा. दुसऱ्या राउटरला पत्ताच उरत नाही. /२९ मध्ये सहा मिळतात.

दुसरं, टायमर. आतल्या बाजूला व्हीआरआरपी (एक राउटर गेला की त्याचा पत्ता दुसऱ्याकडे देणारी पद्धत) मूळ मांडणीवर सुमारे तीन-चार सेकंदांत ताबा बदलतं, ते बहुतेकांना चालतं. बाहेरच्या बाजूला मात्र मध्ये स्विच असला की समोरचा राउटर मेल्याचं लिंकवरून कळत नाही. बीजीपी आपला होल्ड टायमर संपायची वाट पाहतं. तो सिस्कोवर मूळचा १८० सेकंद, ज्युनिपरवर ९०. तेवढा वेळ ट्रॅफिक काळ्या खड्ड्यात जाईल. म्हणून बीएफडी (समोरचा जिवंत आहे का हे सतत तपासणारी पद्धत) लावा. ३०० मिलिसेकंद आणि तीन चुका अशी मांडणी केली की सेकंदाच्या आत कळतं.

तिसरं, प्रत्येक राउटरवर सगळा भार एकट्याने पेलण्याइतकी जागा ठेवा. दोघांवर ६० टक्के भार असेल तर एक गेल्यावर दुसराही बसणार.

पायरी सहावी: खोली, वीज, हवा

एक युनिट म्हणजे ४४.४५ मिलिमीटर. फिक्स्ड राउटर एकटा माणूस रॅकमध्ये चढवतो; मोठ्या चॅसिसला चार जण लागतात आणि रॅकची मागेपर्यंतची खोली आधी टेपने मोजावी लागते. लहान ठिकाणच्या सर्व्हर रूममध्ये भिंतीवरचा उथळ रॅक असेल तर चॅसिसचा विषय तिथेच संपतो.

हवेची दिशा आधीच पाहा. एमएक्स२४० आणि एमएक्स४८० एका बाजूने हवा ओढून दुसऱ्या बाजूने सोडतात, तर एमएक्स९६० पुढून घेऊन मागे सोडतो. बाजूला चिकटून दुसरा रॅक असेल तर पहिल्या दोघांची गरम हवा शेजाऱ्याच्या तोंडात जाते.

मोठ्या पॉवर सप्लायला १६ अँपिअरचे सी१९ जोड लागू शकतात. आपल्या पट्टीवर १० अँपिअरचे सी१३ च असतील तर डिलिव्हरीच्या दिवशी काम अडतं. आणि विजेचा हिशेब कोटेशनमध्ये कुणी लिहीत नाही. दोन पर्यायांत १,००० वॉटचा फरक असेल तर वर्षाला ८,७६० युनिट होतात, एसीची वीज वेगळी. ३.५ किलोवॉट उष्णतेला साधारण एक टन एसी लागतो, हे धरून खोलीचा एसी आणि यूपीएसची बॅटरी दोन्ही पुन्हा तपासा. वीज जाण्याचा काळ जिथे मोठा आहे तिथे कमी वॉटचा राउटर त्याच बॅटरीवर जास्त वेळ चालतो.

पायरी सातवी: भरलेल्या राउटरची किंमत काढा

तुलना रिकाम्या चॅसिसशी करू नका. सांगाडा, दोन इंजिनं, फॅब्रिक, लाइन कार्ड, पंख्याचा ट्रे, सगळे पॉवर सप्लाय, ऑप्टिक्स, लायसन्स आणि पाच वर्षांची एएमसी (वार्षिक देखभाल करार) एका ओळीत मांडा. एएमसी कार्डागणिक लागते की अख्ख्या चॅसिसवर, ते विचारा. दुसऱ्या ओळीत दोन फिक्स्ड राउटर, त्यांची ऑप्टिक्स, खालचा स्विच आणि एएमसी. तिसऱ्या ओळीत त्यातच कपाटात ठेवायचा तिसरा फिक्स्ड बॉक्स मिळवा. मोठ्या शहरापासून लांब, जिथे बदली पार्ट पोचायला दिवस जातात, तिथे कपाटातला तयार बॉक्स कोणत्याही सपोर्ट करारापेक्षा लवकर कामी येतो. चॅसिसचे सगळे सुटे भाग कपाटात ठेवणं सहसा परवडत नाही.

विक्री बंद होण्याची तारीख दोन्हीकडे पाहा. सिस्कोच्या हार्डवेअरला विक्री बंद झाल्यापासून साधारण पाच वर्षं सपोर्ट मिळतो. मॉड्युलरमध्ये ही तारीख प्रत्येक कार्डाची वेगळी असते: सांगाडा जिवंत आणि त्यात बसणारं हवं ते कार्ड मात्र विक्रीतून गेलेलं, असं होतं.

मग चॅसिस कुणी घ्यावा?

ज्यांच्या दुसऱ्या पायरीच्या कागदावर पुढच्या दोन वर्षांत २०-३० मोठे पोर्ट कारणासकट लिहिलेले आहेत. ज्यांच्याकडे हजारो ग्राहकांची सत्रं एकाच ठिकाणी संपतात आणि ग्राहकाची लिंक एकाच राउटरवर येणं अटळ आहे. तिथे जोडीचा दुसरा बॉक्स त्या ग्राहकाला वाचवत नाही, दुहेरी इंजिन वाचवतं. आणि ज्यांच्याकडे वेगवेगळ्या जातीच्या लाइन आजही एका जागी येतात. यांनी चॅसिस बिनधास्त घ्यावा, पण लहानातला लहान नव्हे.

माल आल्यावर

पॅकिंग फोडल्यावर आधी इन्व्हेंटरीची कमांड चालवून प्रत्येक भागाचा सीरियल नंबर पीओ आणि एएमसीच्या यादीशी जुळवा. रिकाम्या स्लॉटवरची पत्र्याची झाकणं काढून ठेवू नका. ती नसतील तर हवा भलतीकडून निसटते आणि भरलेली कार्डं तापतात.

कार्ड घालताना मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा लावा. चालू राउटरमधून कार्ड काढण्याआधी ते ऑफलाइन करा. ज्युनिपरवर 'रिक्वेस्ट चॅसिस एफपीसी स्लॉट १ ऑफलाइन' असं लिहून दिवा विझल्याची खात्री करायची, मगच दोन्ही खटके एकदम ओढायचे. १८४१ आणि २८११ मधली छोटी वॅन कार्डं तर वीज बंद करूनच काढायची असतात.

सेवेत घेण्याआधी एका रात्री बिघाड मुद्दाम घडवा. एक पॉवर केबल ओढा. एक इंजिन किंवा जोडीतला एक राउटर बंद करा. बाहेरची फायबर काढा, मग स्विचच्या पलीकडची काढा. प्रत्येक वेळी सतत पिंग चालू ठेवून किती सेकंद तुटलं ते मिनिटासकट लिहून काढा आणि विक्रेत्याच्या माणसाची सही घ्या. पैशांचा शेवटचा हप्ता त्या कागदाशी बांधलेला असू द्या. ही अट निविदेतच लिहावी लागते, नंतर ती कुणी मानत नाही.